गोल्फची बॅग खांद्यावर घ्यावी की पुशकार्टवर?

अबोली_पिस्कॅटवे

नमस्कार मंडळी. जुन्या धाग्यांवरून इथे गोल्फ खेळणारे बरेच जण आहेत हे लक्षात आलं, म्हणून प्रश्न इथेच टाकते.

मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहते. आमच्या आसपास काउंटीची सार्वजनिक मैदानं भरपूर आहेत: ईस्ट ब्रन्सविकचं टॅमरॅक, सॉमरसेट काउंटीची स्पूकी ब्रूक, क्वेल ब्रूक, वॉरनब्रूक. एप्रिल ते नोव्हेंबर जमेल तेव्हा अठरा होल, म्हणजे पूर्ण डाव, चालत खेळते. बसून फिरायची मोटारकार्ट मला नकोच. आठवडाभर खुर्चीत बसून काम असतं, चालणं व्हावं म्हणून तर मी या खेळाकडे वळले.

आजवर स्टँड बॅग (जमिनीवर उभी राहायला पाय असलेली बॅग) पाठीवर घेऊन खेळत आले. या हंगामात मात्र तेराव्या-चौदाव्या होलनंतर मान आणि उजवा खांदा भरून येतो. मग शेवटच्या होलांवर मागे नेलेला हात पुरता जात नाही, स्विंग आखूड पडतो आणि चेंडू उजवीकडे पळतो. सोबत खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, बॅग उचलून चालणं हाच खरा गोल्फ. दुसरी म्हणते, पुशकार्ट (बॅग ठेवून हाताने ढकलायची गाडी) घे आणि मोकळी हो.

मला विचारायचं आहे ते असं. पुशकार्ट घेतली तर व्यायाम खरंच कमी होतो का? वॉरनब्रूकसारख्या चढउताराच्या मैदानावर कार्ट ढकलणं जास्त जड जातं का? आणि घ्यायचीच झाली तर काय पाहून घ्यावी? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.


पायवाट

अबोलीताई, मी पहिल्या तटातला. पोर्टलंडला राहतो, आणि आमच्या ओरेगनच्या किनाऱ्यावर बँडन ड्यून्स आहे. १९९९ साली सुरू झालेला हा रिसॉर्ट पायी खेळणाऱ्यांसाठीच आहे, मोटारकार्ट फक्त शारीरिक अडचण असणाऱ्यांना मिळते. पुशकार्ट तिथेही चालते. तरी मी बॅग पाठीवरच घेतो, त्याची कारणं सांगतो.

बॅग पाठीवर असली की तुम्ही चेंडूकडे सरळ रेषेत जाता. चेंडू टेकाडावर असेल तर टेकाडावर, ओढ्यापलीकडे असेल तर अरुंद फळीवरून. कार्टवाल्याला प्रत्येक ग्रीन (होलाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) आणि बंकर (वाळूचा खड्डा) लांबून वळसा घालून जावं लागतं. ग्रीनच्या मागच्या बाजूला, पुढच्या टीच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) दिशेला बॅग ठेवली आणि पट (ग्रीनवरचा हलका फटका) संपला की उचलली, याला काही सेकंद लागतात. त्यात एक लय असते. ती मला फार प्रिय आहे.

आता तुमच्या खांद्याबद्दल. आधी बॅग वजनकाट्यावर ठेवा. स्टँड बॅग रिकामी दोन-अडीच किलो. मग क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या: ड्रायव्हर साधारण ३०० ग्रॅम, आयर्न प्रत्येकी ४०० च्या मागेपुढे, वेज ४५०, पटर ५०० च्या वर. चौदा क्लब मिळून साडेपाच ते सहा किलो होतात. नियमाप्रमाणे चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे डझनभर चेंडू अर्ध्या किलोच्या वर गेले. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो. पावसाचे कपडे, छत्री, रेंजफाइंडर, जादा मोजे, खाऊ. बेरीज बाराच्या घरात जाते. हे ओझं घेऊन तुम्ही आठ ते दहा किलोमीटर चालता आणि वाटेत कितीतरी वेळा उतरवून पुन्हा चढवता.

यातलं निम्मं घरी राहू शकतं. चौदा क्लबांची मर्यादा अमेरिकेत १९३८ पासून आहे, त्याआधी काही नामांकित खेळाडू पंचवीसच्या वर क्लब नेत. पण चौदा ही वरची हद्द आहे, खालची नाही. ड्रायव्हर, एक हायब्रिड, ६ आणि ८ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. सात क्लब, दीड किलोची हलकी बॅग, चार-पाच चेंडू, अर्धा लिटर पाणी आणि मैदानावरचा नळ. सगळं मिळून साडेपाच-सहा किलो. हौशी खेळाडूच्या गुणांत यामुळे फारसा फरक पडत नाही असं माझं ठाम मत आहे. उलट (नंबर लहान तितका चेंडू लांब जातो, म्हणून) ७ नंबरच्या अंतराला ६ घेऊन हळू मारायला शिकणं हे खेळाचं सुंदर अंग आहे.


आकडेमोड

व्यायामाच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे. डेन्व्हरच्या रोझ सेंटर फॉर हेल्थ अँड स्पोर्ट्स सायन्सेसमध्ये नील वोल्कोडॉफ यांनी एक चाचणी घेतली होती, २००८ च्या सुमारास तिचे निकाल आले. आठ खेळाडूंना अंगावर मोजमापाची उपकरणं बांधून चढउताराच्या मैदानावर नऊ-नऊ होल चार पद्धतींनी खेळवलं. बॅग उचलून: ७२१ कॅलरी. पुशकार्ट ढकलून: ७१८. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) घेऊन: ६१३. मोटारकार्टमध्ये बसून: ४११.

पहिल्या दोन आकड्यांत तीन कॅलरींचा फरक. म्हणजे काहीच नाही.

याहून लक्षवेधी गोष्ट गुणांची, म्हणजे लागलेल्या फटक्यांची; जितके कमी तितके चांगले. नऊ होलांची सरासरी पुशकार्टसह सर्वांत चांगली, ४० आली. कॅडीसह ४२, मोटारकार्टमध्ये ४३ आणि बॅग उचलून ४५. आठच जणांची चाचणी आहे, त्यामुळे गुणांचे आकडे शिलालेखासारखे धरू नयेत. पण शेवटच्या होलांवर स्विंग आखूड पडतो हे तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी हे जुळतं.


सांधेदुखी_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोल्फ खेळणारे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यात कंबर आणि खांदा हीच दोन दुखणी मुख्य. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे अबोलीताई, दुखणं राउंड संपल्यावरही दोन दिवस राहत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर आधी कुणाला तरी दाखवा. बॅगेचं नंतर बघू.

बाकी यांत्रिक बाजू सांगते.

गोल्फचा स्विंग मुळातच कंबरेला पीळ देणारी क्रिया आहे. खांदे वळतात, कंबर कमी वळते, आणि तो पीळ एका क्षणात उलगडतो. पाठीच्या खालच्या मणक्यांवर आणि आसपासच्या स्नायूंवर त्याचा भार येतो. या क्रियेच्या मधल्या वेळात शरीराला काय करायला लावता हे महत्त्वाचं. एकाच पट्ट्याची बॅग एका खांद्यावर घेतली की शरीर तोल राखायला विरुद्ध बाजूला झुकतं, तो खांदा कानाकडे उचललेला राहतो आणि मानेचे स्नायू चार तास आवळलेले राहतात. दोन पट्टे असले तर भार वाटला जातो, पण पट्टे नीट बसवले तरच. बॅग कंबरेच्या वर, पाठीला आडवी टेकली पाहिजे. खाली लोंबत असेल तर ती खांद्यांना मागे खेचते आणि आपण मान पुढे काढून चालतो. बहुतेक जण दुकानातून आणल्यावर पट्टे एकदाही आवळत नाहीत. ठेंगण्या बांध्याच्या बायकांना तर ते लांबच होतात.

दुसरा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. कार्ट ओढणं आणि कार्ट ढकलणं यात फार अंतर आहे. जुन्या दोन चाकी ट्रॉल्या मागे हात करून ओढायच्या असतात. त्यात एक हात सतत मागे, खांदा आत वळलेला, धड एका बाजूला फिरलेलं. म्हणजे स्विंगने आधीच पिळलेल्या पाठीला दोन स्विंगांच्या मध्येही पीळच. तीन चाकी पुशकार्ट समोर असते, दोन्ही हात दांड्यावर, धड सरळ. दांडा कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली ठेवा. मनगट वाकवून ढकलू नका, तळव्यांनी हलका रेटा द्या. सपाट जमिनीवर एका हातानेही चालते, तेव्हा हात अधूनमधून बदला.

माझा कल स्पष्ट आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि खांद्याची तक्रार असलेल्या माणसाने पूर्ण सेट पाठीवर घेऊन अठरा होल चालू नये.


पायवाट

नाशिकच्या ताई, पट्ट्यांचं तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं. फक्त तुमच्या शेवटच्या वाक्यात 'पूर्ण सेट' हे शब्द आहेत तेच माझं म्हणणं. अर्धा सेट घेऊन साठीतली माणसं छान चालताना मी पाहतो.


सांधेदुखी_नाशिक

त्याला माझी हरकत नाही. सहा किलो आणि बारा किलो यांत शरीराच्या दृष्टीने खूप फरक आहे.


यॉर्कशायरचा_पाऊस

इंग्लंडातून लिहितो. इथे तुमच्या पुशकार्टला ट्रॉली म्हणतात आणि ती इतकी रुळलेली आहे की साठीपुढच्या सभासदांत पाठीवर बॅग घेणारा विरळाच. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्याही घरोघरी. पॉवाकॅडी १९८३ पासून या धंद्यात आहे, त्यामुळे दोन पिढ्या त्यांवर चालल्या आहेत.

पण आमच्याकडे वर्षाचे तीन-चार महिने हा प्रश्न खेळाडूच्या हातात राहतच नाही. नोव्हेंबर उजाडला की जमीन पाण्याने फुगते आणि क्लबच्या दारावर पाटी लागते: आज ट्रॉलीला बंदी. अनेकांना याचा राग येतो, पण मैदान राखणाऱ्यांचं ऐकलं तर कारण पटतं. ओल्या चिकणमातीवरून चाकं गेली की माती दबते. दबलेल्या मातीत हवा राहत नाही, पाणी खाली झिरपत नाही, गवताची मुळं वरच्या वर राहतात. आणि सगळ्या ट्रॉल्या ग्रीन आणि बंकर यांच्यामधल्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून जातात. तो पट्टा एकदा चिखल झाला की मे महिन्यापर्यंत सावरत नाही. पावलांनीही माती दबते, पण माणसं पांगून चालतात, चाकं एकाच चाकोरीतून.

यावर तोडगा म्हणून हेजहॉग चाकं मिळतात. चाकाभोवती प्लास्टिकच्या बोथट खुंट्यांची धाव असते, त्यामुळे टायर गवतावर घासत नाही आणि चिखल चिकटत नाही. काही क्लब हिवाळ्यात ही चाकं असतील तरच ट्रॉली आत सोडतात.

म्हणून मी दोन बॅगा ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात ट्रॉलीवर मोठी, हिवाळ्यात खांद्यावर छोटी. माझ्या मते जिथे जमीन जड आणि ओली, तिथे दोन्ही करता आलं पाहिजे. हलकी बॅग उचलायची सवय अजिबात सोडली तर हिवाळा घरात काढावा लागतो.

अबोलीताई, न्यू जर्सीतली माती कशी आहे?


अबोली_पिस्कॅटवे

आमच्या भागात माती जडच, लालसर चिकण. मोठा पाऊस झाला की मोटारकार्टवाल्यांना डांबरी वाट सोडू देत नाहीत. मग त्यांची फार धावपळ होते, वाटेवरून चेंडूपर्यंत तीन-तीन क्लब हातात घेऊन आडवं चालायचं आणि परत यायचं. पायी खेळणाऱ्यांना मात्र फेअरवेवरून (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवतावरून) जाऊ देतात, पुशकार्टसह. हिवाळ्यात पुशकार्टवर बंदी आमच्याकडे मी पाहिलेली नाही.

तुमचं चाकोरीचं वाचून ग्रीनजवळ कुठून चालावं याचा विचार करावासा वाटला.


एडिसनकर

याच परिसरातला. एक जुनी आठवण म्हणून सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातली गोल्फ मैदानं बंद झाली आणि २ मे रोजी पुन्हा उघडली. मोटारकार्टमध्ये दोघांनी शेजारी बसणं बंद होतं, त्यामुळे जन्मात न चाललेली माणसं चालायला लागली. त्या उन्हाळ्यात दुकानात पुशकार्ट मिळेना. नाव नोंदवून कित्येक आठवडे थांबावं लागायचं. अमेरिकेतले कित्येक खाजगी क्लब तोवर पुशकार्टला दारात उभी करत नव्हते, ती दिसायला गबाळी वाटते म्हणून. त्यांतल्या अनेकांनी त्या वर्षी नियम बदलले. आता आमच्या काउंटीच्या मैदानांवर शनिवारी सकाळी बघावं तर तीन चाकीच तीन चाकी.

'खरा गोल्फ' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धा बघा. विशीतली, तगडी, पुढे व्यावसायिक होणारी मुलं-मुली सर्रास पुशकार्ट ढकलतात. त्यांना बॅग उचलता येत नाही असं थोडंच आहे. एका दिवसात छत्तीस होल असले की शेवटच्या नऊ होलांना पाय आणि खांदे ताजे हवेत, हा हिशोब आहे.


आईच्या_नजरेतून

मध्येच विचारते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, ज्युनियर स्पर्धा खेळायला लागली आहे. तिच्या बरोबरीचे काही मुलगे बॅग पाठीवर घेतात, म्हणून तिलाही तसंच हवंय. प्रशिक्षक म्हणतात कार्ट घ्या. तिला कसं समजवावं?


सांधेदुखी_नाशिक

वाढत्या वयात पाठीवर रोज जड ओझं नकोच. तिचं वजन पस्तीस-चाळीस किलो असेल तर दहा किलोची बॅग म्हणजे शरीराच्या पावपट. मोठ्या माणसाने वीस किलो घेऊन स्पर्धा खेळावी असं आपण म्हणू का? तिला कार्ट द्या. सरावाच्या दिवशी चार-पाच क्लबांची छोटी बॅग घेऊन नऊ होल चालू दे, म्हणजे तिची हौसही होईल. आणि तिला एडिसनकरांनी लिहिलेलं कॉलेजच्या खेळाडूंचं दाखवा. आईपेक्षा त्यांचं लवकर पटेल.


बोरबन_पुणे

मी पुण्याचा, सैन्यातून निवृत्त. नोकरीत असताना देशभरातल्या लष्करी मैदानांवर खेळलो, आता येरवड्याला. इकडच्या वाचकांसाठी थोडं वेगळं लिहितो, कारण आपल्याकडे या प्रश्नाचं रूपच निराळं आहे.

भारतातल्या बहुतेक क्लबांत बॅग खेळाडू उचलत नाही. कॅडी उचलतो, किंवा दोन चाकी ट्रॉलीवर ओढतो. आणि कॅडी म्हणजे नुसता भारवाहक नव्हे. येरवड्याच्या ग्रीनवर पट कुठे वळेल हे मला जितकं कळतं त्याच्या दुप्पट माझ्या कॅडीला कळतं. चेंडू गवतात कुठे गेला हे त्याने पाहिलेलं असतं. मी ७ नंबर मागितला की तो शांतपणे ६ पुढे करतो आणि बहुतेकदा त्याचंच बरोबर निघतं. या माणसांतून देशाला मोठे खेळाडू मिळाले आहेत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक. १९९३ साली पुन्हा जिंकली. क्लबच्या दारातून आत यायची वाट त्यांना बॅगेमुळे मिळाली.

त्यामुळे पुशकार्ट आणा, कॅडीचा खर्च वाचवा, असं नव्या सभासदांकडून ऐकलं की मला वाईट वाटतं. वस्तीतली कितीतरी घरं या कामावर चालतात.


मुळशीकर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी तिशीतला आहे, नोकरदार, क्लबचा सभासद नाही. मला नऊ होल खेळायचे तर मैदानाची फी, कॅडीची फी, पेट्रोल. महिन्यातून एकदा परवडतं. अबोलीताईंसारखी काउंटीची सार्वजनिक मैदानं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. खारघरला सिडकोचं आहे, तसं प्रत्येक मोठ्या शहरात एक तरी हवं. आणि तिथे स्वतःची बॅग स्वतः नेण्याची मुभा हवी. नाहीतर हा खेळ कायम मोजक्या लोकांचाच राहणार. कॅडींचा रोजगार टिकवायचा तर खेळणारे वाढायला हवेत.


बोरबन_पुणे

तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. सार्वजनिक मैदानं हवीत, आणि तिथे स्वतःची बॅग स्वतः नेता यावी, मान्य. क्लबांत मात्र कॅडी राहावेत असं मला वाटतं.

पण हा धागा वाचताना माझ्या मनात एक गोष्ट आली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर नाशिकच्या ताईंनी एका पट्ट्याच्या बॅगेने आणि मागे ओढायच्या ट्रॉलीने काय होतं ते सांगितलं. आपला कॅडी नेमकं तेच रोज करतो. आम्ही आठवड्यातून दोनदा खेळतो, तो दिवसाला दोन फेऱ्या करतो. कुणाकुणाच्या बॅगा त्या व्यावसायिकांसारख्या अवजड, पावसाळ्यात भिजून आणखी जड. पन्नाशीतला माणूस ती खांद्याला अडकवून मे महिन्याच्या उन्हात चालतो. आपण आपल्या खांद्याची चर्चा इतकी बारकाईने करतोय, तर त्याच्या खांद्याची का नाही?

चांगली तीन चाकी पुशकार्ट कॅडीच्या हातात दिली तर त्याचं काम तेच राहतं, ज्ञान तेच राहतं, मजुरी तीच राहते, फक्त पाठ वाचते. क्लबने अशा पन्नास कार्ट घेऊन कॅडीगृहात ठेवल्या तर खर्च असा किती होईल? एखाद्या मेजवानीइतका. आमच्या पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. नाशिकच्या ताई, तुम्ही दोन परिच्छेद लिहून द्याल का? डॉक्टरी बाजू तुमच्या शब्दांत असेल तर सभासद ऐकतील.


सांधेदुखी_नाशिक

नक्की देते. आणि काका, कॅडींसाठी अर्ध्या दिवसाचं तपासणी शिबिर घेणार असाल तर मी पुण्याला यायला तयार आहे. पट्टे कसे बांधावे, जड बॅग जमिनीवरून गुडघे वाकवून कशी उचलावी, दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणते ताण द्यावेत, एवढं शिकवलं तरी फरक पडतो.


मुळशीकर

काका, हा विचार फार आवडला. सभासद नसलो तरी कार्टसाठी माझा वाटा घ्या.


दक्षिणवारा_मेलबर्न

उशिरा आले धाग्यावर. इथे मेलबर्नच्या आग्नेय उपनगरांत जमिनीखाली वाळू आहे, रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ ही प्रसिद्ध मैदानं त्याच पट्ट्यात. पाणी लगेच मुरतं, त्यामुळे यॉर्कशायरकरांसारखी हिवाळ्यातली बंदी क्वचितच. तरी कार्ट लागते, ती वेगळ्या कारणाने. इथे फेअरवेवर क्लबने उडालेल्या गवताच्या खळग्यात खेळाडूने स्वतः वाळू भरायची रीत आहे. त्यासाठी प्रत्येकाजवळ वाळूची छोटी बादली असते. भरलेली बादली पाठीवरच्या बॅगेला लटकवून चालून बघा. शिवाय जानेवारीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तीन लिटर पाणी लागतंच.

अबोलीताई, कार्ट घेताना काय बघावं ते सांगते. ब्रेक सर्वांत आधी. हाताने दाबायचा ब्रेक उतारावर सोयीचा, पायाने लावायचा ब्रेक कार्ट उभी करायला पुरेसा. ब्रेक लावला तरी उतारावर कार्ट नेहमी आडवी उभी करा, तोंड पाण्याकडे कधीही नको. तळ्यात गेलेली कार्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, फोनसकट.

चाकं: फोम भरलेली घ्या, हवा भरायची कटकट नाही आणि काट्याने पंक्चर होत नाहीत. पुढचं चाक वळणारं असेल तर सपाटीवर छान, पण आडव्या उतारावर कार्ट खाली ओढते. तिथे ते चाक सरळ लॉक करता आलं पाहिजे. चढाला हात ताठ ठेवून अंगाचा कल पुढे द्या, किंवा नागमोडी जा. खूपच खडा चढ असेल तर वळून दोन्ही हातांनी मागे ओढत न्या, दहा-पंधरा पावलांचं काम असतं.

तुमची स्टँड बॅग कार्टवर बसते का हेही बघा. काही बॅगांचे पाय कार्टच्या आधारावर दाबले जाऊन उघडतात आणि बॅग फिरते. पाय बांधायचा पट्टा असतो, तो वापरा.


एडिसनकर

आणि विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. काउंटीच्या बहुतेक मैदानांच्या दुकानात थोडक्या डॉलरांत मिळते. वॉरनब्रूकचे चढ एकदा ढकलून बघितले की तुम्हालाच कळेल.

शिष्टाचाराचं एक: कार्ट ग्रीनवर कधीच नाही, टीवरही नाही, आणि ग्रीन व बंकर यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यातूनही शक्यतो नाही. चेंडू चुकून आपल्याच बॅगेला किंवा कार्टला लागला तर पूर्वी एक फटका दंड होता. २०१९ च्या नव्या नियमांपासून तो दंड गेला. तरी कार्ट चेंडूच्या संभाव्य वाटेत ठेवू नये.


पायवाट

दक्षिणवारा यांची वाळूची बादली वाचून मी एक पाऊल मागे घेतो. तिथे मीही कार्टच घेईन.


अबोली_पिस्कॅटवे

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल बॅग काट्यावर ठेवली. बारा किलो आठशे. तळाशी गेल्या वर्षीचे चेंडू आणि एक जाड स्वेटर होता. पट्टे सैलच होते, नवऱ्याने आवळून दिले आणि बॅग आता खरंच कंबरेच्या वर बसते. खांदा दाखवायला पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे.

तूर्तास ठरवलंय ते असं. अठरा होलांना तीन चाकी पुशकार्ट, आधी भाड्याने. संध्याकाळी कामानंतर नऊच होल खेळते तेव्हा पायवाट यांचे सात क्लब, पाठीवर. 'खरा गोल्फ' म्हणणाऱ्या मित्राला ७२१ आणि ७१८ चे आकडे पाठवले, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पुण्याच्या काकांनी लिहिलं त्यावर मी आणि इथल्या दोघी मैत्रिणी बोललो. आम्हाला दोन कार्टचे पैसे द्यायचे आहेत. भारतात चांगली तीन चाकी कुठे मिळते, की इथून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवावी? घडी केल्यावर केवढी होते?


एडिसनकर

घडी केल्यावर मोठ्या चामडी सुटकेसच्या निम्मी, वजन सहा ते आठ किलो. चाकं निघतात. विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत आरामात जाते. मी डिसेंबरमध्ये पुण्याला जातोय, एक माझ्याकडे द्या.


बोरबन_पुणे

अबोलीताई, एडिसनकर, पैसे आत्ता नकोत. आधी सभेत ठराव होऊ दे, म्हणजे कार्ट क्लबच्या मालकीच्या होतील आणि दुरुस्तीची जबाबदारीही क्लबवर राहील. नाहीतर पहिलं चाक मोडलं की कॅडीच्या मजुरीतून कापायला कुणीतरी निघेल. सभा याच महिन्यात आहे. काय ठरलं ते याच धाग्यावर लिहितो. एडिसनकर, डिसेंबरची जागा मात्र राखून ठेवा, नमुना म्हणून एक कार्ट कॅडींच्या हातात देऊन त्यांचं मत घ्यायचं आहे.